इथं कोणी झोपतं का

लाकडी भिंतीतून धुराडं बाहेर काढायचं तर भिंतीला भोक मोठं पाडावं लागतं. धुराड्याच्या जाडीहून बरंच मोठं. तापलेली नळी लाकडाला कुठेही लागता कामा नये. मध्ये हात फिरेल एवढी जागा मोकळी ठेवायची आणि वरून पत्र्याची चकती लावून ती झाकायची. बघणाऱ्याला वाटतं, सगळं एकमेकांना घट्ट चिकटून आहे.

•

"बसा ना, डॉक्टर येतीलच एवढ्यात." डॉक्टर अजून घरी आंघोळीला गेलेले असतात.

•

चादरीची घडी दोघांनी घालायची असते. दोन टोकं एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, मग एकमेकांकडे चालत यायचं. जोडीदार नसला की मधली कड हनुवटीखाली दाबून धरतात. त्यामुळे काही माणसांची मान कायमची थोडी खाली वळते.

•

थंडीत आधी नखांचा रंग जातो.

•

"मॅडम, आमच्याकडेपण बागेत एक खोली आहे." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

•

"इथं कोणी झोपतं का?" धुराडेवाल्याने विचारलं.

तो गुडघ्यांवर बसला होता. मोजपट्टीचं एक टोक त्याच्याकडे होतं, दुसरं बाबांनी भिंतीशी धरून ठेवलं होतं. त्याच्या गाडीवर 'शेगड्या, फायरप्लेस आणि तत्सम कामे' असं ऐसपैस लिहिलेलं होतं, पण सगळे त्याला धुराडेवालाच म्हणत आणि त्याची काही हरकत नसे.

ती दारात उभी होती. तिच्या शेजारी डॉक्टरीणबाई. ती ज्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, त्या डॉक्टरांच्या या बायको. त्यांच्या बागेतल्या लाकडी खोलीत मागच्याच हिवाळ्यात फायरप्लेस झाली होती. विटांची, उघडी, वर फोटो मांडायला फळी असलेली. त्यांनीच हा माणूस सुचवला होता आणि त्याच्याबरोबर स्वतःही आल्या होत्या. "याला मोकळं सोडलं की हा आपल्या मनाचं करतो," असं त्या त्याच्या देखतच म्हणाल्या होत्या.

"का हो?" तिने विचारलं.

"झोपायची खोली असली तर उघडी नाही बसवत मी. माणूस झोपला, निखारे राहिले, दारं-खिडक्या बंद. हवा बिघडते आणि त्याला कळतपण नाही. छान झोप लागलीय असंच वाटतं त्याला, शेवटपर्यंत." मोजपट्टी त्याच्या हातात खर्रकन गुंडाळली गेली, कारण बाबांच्या हातून टोक सुटलं होतं. "धरा, आजोबा. तर झोपायच्या खोलीला मी बंद शेगडी देतो. काचेच्या दाराची. हवा बाहेरून ओढते, धूर बाहेर टाकते. शिवाय वर एक गजर, हवा बिघडली की बोंबलतो. सुरक्षित एकदम. दिसायला म्हणाल तर नुसता डबा."

"डबाच तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेकडे आहे. वॉशिंग मशीनसमोर पाहुणे बसवल्यासारखं वाटतं."

तिघंही हसली. बाबा मोजपट्टीचं टोक शोधत होते.

"छे, झोपत नाही कोणी," ती म्हणाली. "आपलं बसायला. संध्याकाळचं."

धुराडेवाल्याने मान हलवली आणि पुढचं माप घेतलं. मग थोड्या वेळाने, कोणी काही विचारलं नसताना, बाबा म्हणाले, "मी येतो दुपारचा कधीतरी. पेपर वाचायला."

•

दुसरी उत्तरंही होती. ती तिला नंतर सुचत राहिली. भांडी विसळताना, सिग्नलला थांबल्यावर, पेशंटला पावती देताना.

हो.

हो, माझे वडील झोपतात. हे काय, तुमची मोजपट्टी धरलीय तेच.

झोपतात तात्पुरते. (हेसुद्धा खोटंच, पण बाबा त्यात होते तरी.)

मॅडम, तुम्ही जरा बागेत थांबता का, मला यांच्याशी बोलायचंय.

यातलं कुठलंही उत्तर अवघड नव्हतं. पण वर्षानुवर्षं काउंटरमागे बसून तिच्या जिभेला एक सवय लागली होती. प्रश्न आला की त्याचं खरं उत्तर काय, याच्या आधी समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर काय, ते तोंडातून निघून जायचं. दुखणार नाही. लगेच नंबर लागेल. डॉक्टरांनी तुमचीच आठवण काढली होती.

•

धुराडेवाल्याला संशय यावा असं त्या खोलीत काही नव्हतं.

बाबांचं उभं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलं होतं. वाफेच्या मोठ्या इस्त्रीखाली चादरी घालायच्या, काढायच्या, घड्या घालून गाडीत रचायच्या. सकाळी उठल्याबरोबर ते आपली खाट मिटून कपाटामागे सरकवत. अंथरूण-पांघरुणाची घडी अशी बसवत की तिच्यावर टेबलक्लॉथ टाकला की ते बाकडंच वाटे. चपला कपाटात. टोपी कपाटात. औषधं कपाटात. दात घासायचा ब्रश घरात, बेसिनवर. बागेच्या टोकाला असलेल्या त्या लाकडी खोलीत एक माणूस राहतो, हे तिथे राहणाऱ्या माणसानेच रोज सकाळी पुसून टाकलेलं असे.

•

आई गेल्यावर बाबा तिच्याकडे राहायला आले ते एक बॅग घेऊन. पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या कपाटांची शिस्त बदलली. टॉवेल, रुमाल, पडदे, उशांचे अभ्रे, सगळ्यांच्या कडा एका रेषेत. तिचा नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा, दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून मारून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. तो खूश होता. "माझे बनियन बघ," तो म्हणायचा, "लग्नात आहेर मिळाल्यासारखे."

मग बाबांनी दोरीवरचे तिचे आतले कपडेही घडी घालून तिच्या पलंगावर ठेवले. छोट्या चौकोनी घड्या. दिवसभर तिच्या अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

मग तिच्या मैत्रिणी आल्या. बाहेरच्या खोलीत त्यांनी कोट टाकले आणि निघताना बघतात तर सगळ्या कोटांच्या घड्या, बाह्या आत, एकावर एक. बाबा बाजूला उभे. एकीने विचारलं, "काका, टोकन देता का?" सगळ्या हसल्या, बाबाही हसले. त्यांना वाटलं, कौतुक आहे.

"मला लाज वाटते," तिने त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं.

"त्यात काय लाज? चांगल्या घड्या होत्या."

"तुला नाही कळणार."

"बघ बुवा. वडील तुझे आहेत."

त्या उन्हाळ्यात बागेत लाकडी खोली उभी राहिली. नातेवाइकांना तिने सांगितलं, घरात जागा पुरत नाही, आणि त्यांनाही आता आपलं-आपलं हवं असतं. बाबांनी खोलीत जाऊन भिंतींना हात लावून बघितला, खिडकी उघडून बंद केली.

"मस्त आहे," ते म्हणाले. "लाकडाचा वास येतो."

हिवाळा लागला तेव्हा वास येईनासा झाला. विजेचा हीटर लावला की घरातले दिवे जायचे. फायरप्लेसची कल्पना तिचीच होती. ती चांगल्या मनाने सुचली होती. हे तिने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण ते खरं होतं.

•

त्या संध्याकाळी नवरा बूट काढत होता.

"उघडी घेतलीस? आणि बाबा झोपतात तिथं, त्याचं काय म्हणाला तो?"

"काही नाही. विझवून झोपायचं म्हणाला."

"बास?"

"बास."

त्याने दुसरा बूट काढला. पहिलं खोटं डॉक्टरीणबाईंसाठी होतं. हे कोणासाठी होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

•

काम छान झालं. लाकडी भिंतीच्या पुढे विटांची भिंत, मध्ये काळं तोंड, वर फळी. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, फळीवर कुठला फोटो शोभेल तेही सांगून गेल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिघांनी मिळून पेटवली. नवऱ्याने लाकडं रचली ती पडली, पुन्हा रचली. धूर आधी आत आला, मग वर जायचं त्याच्या लक्षात आलं. बाबा खुर्ची ओढून इतके पुढे बसले की तिला म्हणावं लागलं, "बाबा, मागे या, भाजेल."

"नाही भाजत ग." त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले होते. गालांवर रंग चढत होता. "आमच्या तिथं असायचं असं. बाहेर कितीही थंडी असू दे. नर्स यायच्या हात शेकायला. चादरी न्यायचं निमित्त करायच्या."

"आणि मग कुठल्या नर्सच्या चादरीला जास्त वेळ लागायचा, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"गप रे," बाबा म्हणाले, आणि इतके हसले की खोकला आला.

ती दोघं घरात जायला निघाली. नवरा पुढे गेला. ती दारात थांबली. सांगणं भाग होतं, आणि सहज सांगितल्यासारखं सांगायचं होतं.

"झोपताना पूर्ण विझवायची हं, बाबा. निखारेसुद्धा."

"हो," बाबा विस्तवाकडे बघत म्हणाले. "ऐकलं होतं मी."

•

दवाखान्यात.

"काय मग, कशी चाललीय फायरप्लेस, आमची जुळी बहीण?" डॉक्टरीणबाई.

"मस्त, मॅडम. रोज संध्याकाळी बसतो."

•

रोज कोणी बसत नव्हतं. तिला दवाखान्यातून यायला उशीर व्हायचा, नवऱ्याचे संध्याकाळचे विद्यार्थी असायचे. खोलीच्या पडवीत रचलेली लाकडं होती तेवढीच दिसत होती. तिला ते दिसत होतं, आणि रोज तिथून जाताना ती पर्समध्ये काहीतरी शोधत जायची.

एके सकाळी बाबा चहाला आले नाहीत. ते कधी उशीर करत नसत. तिने नवऱ्याला हाक मारायचं मनात आणलं, मारली नाही. स्लिपर घालूनच बाग ओलांडली. दव गोठून गवत पांढरं पडलं होतं, पायाखाली करकरत होतं. दार वाजवलं. मग ढकललं.

खाट मांडलेली होती. ती खाट मांडलेली तिने त्याआधी पाहिलीच नव्हती. तिच्यावर बाबा होते. कोट, कोटावर पांघरूण, टोपी, आणि दोन्ही हातांत पायमोजे चढवलेले. तोंड किंचित उघडं.

तिने आधी फायरप्लेसकडे बघितलं, बापाकडे नंतर. हेही पुढे तिच्या मनातून गेलं नाही.

फायरप्लेस स्वच्छ होती. राख नाही, काजळी नाही. झाडून, पुसून घेतलेल्या विटा. मग बाबांच्या तोंडातून वाफेचा एक छोटा ढग निघाला आणि ती खुर्चीत बसली.

"कोण?" बाबा उठून बसले. ती आहे हे दिसल्यावर त्यांनी मोजे घातलेले हात पांघरुणाखाली घेतले. "अगं, थांब जरा बाहेर. आवरतो मी. आज उठवलंच नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता."

"पेटवली का नाही तुम्ही?"

"एकट्यासाठी काय पेटवायची."

"बाबा."

"लाकडं ओली आहेत."

"नाहीयेत."

खाटेच्या कडेला सरकून त्यांनी मोजे हातांतून काढले आणि एकात एक घालून त्यांचा गोळा केला. नखं निळसर होती. बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. एखादा डाग निघणार नाही, हे गिऱ्हाइकाला समजुतीने सांगावं तसं बोलले.

"संध्याकाळी पेटवली की उबेने पेंग येते मला. आता वय झालं. बसल्या जागी झोपलो आणि विझवायची राहिली, तर? माझं काय, जायचंच आहे. पण मग लोक येतील, पोलीस येतील. विचारतील, इथं कोण झोपत होतं. तू काय सांगशील, चिऊ? तू तर नाही म्हणून बसलीस. तो माणूस सांगेल ना, बाई स्वतः म्हणाल्या म्हणून. त्या तुझ्या मॅडमपण होत्या." त्यांनी मोज्यांचा गोळा उशीखाली ठेवला. "तुझ्यावर यायला नको."

बाबा उभे राहिले, पांघरूण झटकलं, कड हनुवटीखाली धरली. तिला वाटलं, पुढे होऊन दोन टोकं धरावीत. तिच्या हातांना ते जमलं नाही. ती नुसती बघत राहिली आणि घडी एकट्याने पूर्ण झाली.

•

दवाखाना, दुपारच्या आधी. बाकावर सुजलेल्या गालाचा एक माणूस, एक आजीबाई, मोबाइलवर बोट फिरवणारी एक मुलगी. आतल्या दालनाचं दार उघडं. आत डॉक्टरीणबाई बिलं चाळतायत. फोनच्या या बाजूचं बोलणं असं:

"हॅलो. हो, मीच. बागेतली खोली."

"नाही, धूर नाही येत. चांगली झालीय."

"बदलून हवी आहे. ती बंदवाली. काचेची."

"हो, डबा."

"..."

"नाही, म्हणजे मी तेव्हा..."

"हो. झोपतं."

(सुजलेल्या गालाच्या माणसाने वर बघितलं.)

"पाहुणे नाही."

"नाही, कधीतरी नाही. रोज."

"ऐकू येत नाही का? रोज झोपतात म्हटलं. माझे वडील. तिथंच राहतात ते."

(आतल्या दालनातला कागदांचा आवाज थांबला.)

"हो, तेच. मोजपट्टी धरली होती ते."

"..."

"हो. ठेवते."

तिने फोन ठेवला. आजीबाईंनी विचारलं, "अजून किती वेळ, बाई?" तिने तोंड उघडलं आणि तिला कळलं की नेहमीचं वाक्य येत नाहीये.

"माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टर अजून आलेलेच नाहीत."

पुढे डॉक्टरीणबाईंनी तो विषय कधी काढला नाही. त्यांनी फक्त "आमची जुळी बहीण" म्हणायचं सोडून दिलं.

•

धुराडेवाला आला तेव्हा ती घरी होती. रजा काढली होती. बाबांना तिने सकाळी म्हटलं होतं, काम होईपर्यंत घरात या, हॉलमध्ये झोपा. ते म्हणाले, "नको ग. आता इकडची सवय झाली." तिने पुन्हा म्हटलं नाही.

धुराडेवाल्याने उघड्या फायरप्लेसचं तोंड मोजलं, शेगडी आत बसते का पाहिलं, बाहेरची हवा घ्यायला भिंतीत खाली भोक पाडलं. भुसा पडला. रागावला असला तरी त्याने तसं दाखवलं नाही.

"दिसायला बरी म्हणून उघडी घेतलीत ना?" तो म्हणाला. "सगळे तेच करतात. झोपायची खोली असून बसायची सांगतात. मला काय, मी विचारणार, लोक सांगणार."

बाबा तिथेच होते. खाली पडलेला भुसा पत्र्यावर गोळा करत होते.

"हो," ती म्हणाली. "दिसायला बरी म्हणून."

बाबांनी पत्रा उचलला, बाहेर जाऊन भुसा झाडाच्या मुळाशी टाकला आणि परत आले.

शेगडी बसली. आता राहिला गजर. धुराडेवाल्याने खिशातून पांढरी गोल वस्तू काढली, खोलीभर नजर फिरवली आणि पहिल्यांदाच तिला सोडून सरळ बाबांना विचारलं, "आजोबा, झोपता तेव्हा डोकं कुठल्या बाजूला असतं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. शाळेत नवीन आलेलं पोर नाव सांगायच्या आधी आईकडे बघतं तसं.

"सांगा ना, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "सांगा त्यांना."

"खिडकीकडे," बाबा म्हणाले.

"नक्की कुठं? गजर उशीच्या पातळीला हवा, फार लांब नको. असं करा ना, एकदा मांडूनच दाखवा."

बाबांनी कपाटामागून खाट काढली. टेबलक्लॉथ बाजूला केला. गादी, चादर, उशी. परक्या माणसासमोर चादरीची एकही सुरकुती राहू नये म्हणून त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. धुराडेवाला थांबून राहिला.

"आता आडवे व्हा बघू जरा."

बाबांनी चपला काढून खाटेखाली जोडीने ठेवल्या. कोटाची बटणं लावली. मग ते पाठीवर, सरळ, हात अंगाशी धरून झोपले. डोळे मिटायची काही गरज नव्हती. त्यांनी मिटले.

धुराडेवाल्याने त्यांच्या डोक्यापासून भिंतीपर्यंत मोजपट्टी लावली आणि दुसरं टोक तिच्याकडे केलं. तिने ते धरलं.

•

ही खोली बांधली त्या वर्षी घरात वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. तिच्यात व्यायामाची सायकल होती.